‘सगळ्यांना होतं’ हे कधी म्हणायचं, कधी नाही

पाठराखीण : वाचकांचे प्रश्न, सिस्टरांची उत्तरं

(सांगली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची पत्रं गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या बायकांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत.)

प्रश्न : मला चौतिसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण. आम्ही चाकणला राहतो, माझं माहेर उदगीरकडे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून सातव्यात माहेरी गेले नाही. नवऱ्याची कंपनीत पाळी असते, दुसऱ्या पाळीला तो रात्री साडेअकराला घरी येतो. रात्रभर छातीत जळजळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, कूस बदलताना जांघेत अशी कळ जाते की ओरडावंसं वाटतं. डॉक्टर पाच मिनिटांत तपासून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतात. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर ‘आम्ही नवव्यापर्यंत रानात खुरपत होतो’ म्हणाल्या. शेजारीण म्हणते, सगळ्यांना होतं. मग मलाच का सहन होत नाही? आणि बाळंतपणाची भीती वाटते, ते तर मी कोणाला बोललेच नाही.
– एक वाचक, चाकण

उत्तर : सासूबाई खोटं बोलत नाहीत गं. त्या खुरपत होत्याच. पण त्यांच्या डाव्या-उजव्या पातीला बायका होत्या, त्यातली एखादी त्यांच्यासारखीच पोटुशी, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. कंबर धरली की तिथल्या तिथे बोलणं व्हायचं, ‘बस जरा बांधावर’ म्हणणारी कोणीतरी असायची. तुझ्याकडे लिफ्ट आहे, गॅस आहे, सोनोग्राफीची फाइल आहे. शेजारची पात तेवढी रिकामी आहे. म्हणून ‘मलाच का’ हा प्रश्न आधी मनातून काढ.

आता अंगाचं बघू. वाढलेलं गर्भाशय जठराला खालून दाबतं आणि जठराच्या तोंडाची झडप या दिवसांत सैलावलेली असते, म्हणून आंबट पाणी वर येतं. रात्रीचं जेवण साडेसात-आठला, तेही थोडं, आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. नवरा साडेअकराला येतो म्हणून तू जेवायची थांबत असशील तर ते आजपासून बंद. तो आला की त्याच्यासमोर नुसती बस. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेव. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिऊ नकोस; जळजळीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पोटरीत गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. हे सगळे सांगतात, पण आठव्या महिन्यात पोट मध्ये येतं आणि हात पायापर्यंत पोचत नाही. मग ओढणी तळव्याला अडकवून दोन्ही टोकं ओढ. ही युक्ती मला प्रशिक्षणात शिकवली नव्हती, दवाखान्यातल्या बाकावर एका बाईनं दुसरीला सांगताना ऐकली. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणल्या तर गोळे कमी येतात.

जांघेतली कळ कटीच्या सांध्यांची आहे. बाळंतपणाच्या तयारीने तिथले बंध सैल होतात आणि दोन पायांवर सारखा भार नसला की सांधा कुरकुरतो. एका पायावर उभी राहून सलवार घालू नकोस, पलंगावर बसून घाल. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून, सगळं अंग एकदम वळव. रिक्षातून उतरतानाही दोन्ही पाय एकदम बाहेर. गुडघ्यांच्या मध्ये उशी घे. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवरच झोपायचं, डावी काय, उजवी काय, दोन्ही चालतात. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरू नकोस, वळ आणि झोप.

आता रिकाम्या पातीचं. आमच्या केंद्रात तपासणीच्या दिवशी वजनकाटा एक, बीपीचं यंत्र एक आणि व्हरांड्यात बायका तीस-पस्तीस. तासन्‌तास बसायच्या, मुकाट. मग मी ‘सातव्याच्या पुढच्या सगळ्या इकडच्या बाकावर’ असं सांगायला सुरुवात केली. माझा हेतू तपासणी सोपी व्हावी एवढाच होता. पण एका महिन्याच्या बायका शेजारी बसल्या की बोलायला लागतात. लोहाच्या गोळीने शौच काळी होते म्हणून घाबरून गोळी बंद केलेली असायची, शेजारची म्हणायची, ‘माझीबी होती की काळी.’ मी तेच महिनाभर सांगत होते, पण माझं ऐकून कोणी गोळी परत सुरू केली नव्हती. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, हेही त्या बाकावरूनच गावात गेलं.

हे काही माझ्या बाकाचं कौतुक नव्हे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गावोगाव बायकांचे गट महिन्यातून एकदा बसवले. बोलतं करायला तिथलीच एक बाई. गट असलेल्या भागात नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाले, हे २००४ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेच्या गटांचा अनुभवही २०१० मध्ये तसाच आला. खेळ, गोष्टी, चित्रं आणि आपापल्या अडचणी, एवढंच भांडवल.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा. पुढच्या तपासणीला रांगेत बसलीस की मोबाइल पिशवीत ठेव आणि शेजारणीला विचार, ‘तुमची तारीख कधीची?’ एवढा एक प्रश्न पुरतो. खासगीत दाखवत असलीस तरी एखाद्या महिन्याच्या ९ तारखेला जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन ये. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून त्या दिवशी चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, आणि तुझ्यासारख्या माहेर लांब असलेल्या खूपजणी तिथे भेटतील. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताईंना तर वस्तीतली प्रत्येक गरोदर बाई ठाऊक असते. आसपासच्या तारखांच्या पाच-सहाजणी जमल्या की झालं. फोनवर गट करा, पण आठवड्यातून एकदा समोरासमोर बसा, कोणाच्या तरी घरी, पाय वर घेऊन.

गटाला दोन-तीन नियम मात्र पहिल्या दिवशीच घालून द्या. एकीची गोळी दुसरीने घ्यायची नाही. रिपोर्टचे फोटो टाकून ‘बघा गं, बरोबर आहे ना’ विचारायचं नाही, तो डॉक्टरांनी वाचायचा कागद आहे. रात्री नऊनंतर कोणाच्या मामेबहिणीच्या जावेचं काय भयंकर झालं, ते सांगायचं नाही. (हे सांगणाऱ्या बायका प्रत्येक गावात असतात. चांगल्या मनाच्याच असतात, पण त्यांना आवरावं लागतं.)

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम ‘सगळ्यांना होतं’ या दोन शब्दांचा. जळजळीला, गोळ्याला, रात्री चारदा लघवीला उठण्याला, संध्याकाळी घोट्यांवर येणाऱ्या सुजेला, हाताला मुंग्या येण्याला हे शब्द औषधासारखे लागू पडतात. पण हेच शब्द जिवावरही बेततात.

एका गळीत हंगामात बीडकडून आलेल्या टोळीतली एक ऊसतोड करणारी बाई आमच्या बाकावर बसली होती. आठवा महिना. सकाळपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाली. शेजारची म्हणाली, ‘फडात ऊन लागलं असंल, सगळ्यास्नी होतं.’ पलीकडची एक होती, तिचं तिसरं बाळंतपण. ती काही बोलली नाही, उठली आणि मला हाताला धरून घेऊन आली. बीपी १६०/११० निघालं, लघवीत प्रथिनं. डॉक्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि गाडीत घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली. पहिल्या शेजारणीचा काही दोष नव्हता. धीर द्यायला ती तेच बोलली जे आपण सगळ्या बोलतो.

तेव्हा तुमच्या गटात हे पक्कं ठरवा : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं होणं, बरगडीखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक आलेली सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, सदतीस आठवड्यांच्या आधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा. यातलं काहीही कोणी बोललं तर बाकीच्यांनी एकच विचारायचं, ‘निघालीस का?’ आणि सोबत एकीने जायचं.

राहिली भीती. ‘बाळंतपणाची भीती’ हे फार मोठं गाठोडं आहे, सोडून बघ. कळांची भीती आहे, टाके पडण्याची, सिझरची, की त्या वेळी जवळ कोणी नसेल त्याची? तुझ्या पत्रावरून मला शेवटची वाटते. ज्या दवाखान्यात नाव घातलं आहेस तिथे पुढच्या भेटीत स्पष्ट विचार, आत सोबत कोणाला घेता? सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई ठेवायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मुभा दिली आहे, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली नात्यातली बाई. आई नाही, तर मावशी, नणंद, मोठी जाऊ यांच्यातली कोण, हे आत्ताच ठरव आणि तिला तारीख कळव. सासूबाईंनाही विचारून बघ. फोनवर खुरपण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या बायका आतमध्ये हात घट्ट धरून उभ्या राहिलेल्या मी खूप पाहिल्या आहेत.

प्रश्न : माझ्या सुनेला साडेआठ महिने झालेत. आठ दिवस झाले, रात्री तळहात आणि तळपाय खाजतात, झोपच लागत नाही तिला. अंगावर पुरळ वगैरे नाही. खोबरेल तेल लावतो, उष्णता म्हणून सब्जाचं पाणी देतो. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात, पोट ताणलं की खाज येतेच. ती नोकरी करणारी पोर, सुट्टी घेऊन दवाखान्यात कशाला जायचं म्हणते.
– एक सासू, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. पोटावर, मांड्यांवर कातडी ताणून येणारी खाज निराळी, तिला तेल पुरतं. पण तळहात-तळपायांची, रात्री वाढणारी, पुरळ नसलेली खाज यकृताच्या त्रासाची असू शकते. पित्ताचा निचरा नीट होत नाही आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. आईला त्रास खाजेचाच, पण बाळाला त्याचा धोका असतो. उद्या सकाळीच तिला घेऊन जा आणि डॉक्टरांना ‘खाज आहे’ एवढंच सांगून थांबू नका. कुठे, कधी वाढते, लघवी गडद होते का, हे सगळं सांगा. ते यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी करायला सांगतील. त्यावर औषध, लक्ष किती ठेवायचं आणि बाळंतपण थोडं आधी करायचं का, ते ठरतं.

रिपोर्ट चांगले आले आणि खाज थांबली नाही तर पुन्हा दाखवा, कधी कधी आकडे मागाहून चढतात. सब्जाचं पाणी देत राहा, त्याने काही बिघडत नाही. भिशीत मात्र हे सांगा. तुमच्या भिशीतल्या सगळ्यांच्या घरी आज ना उद्या कोणीतरी गरोदर असणारच.

प्रश्न : मागच्या वेळी आठव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. आता तिसावा आठवडा चालू आहे. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरायची वेळ आली तेव्हा मला कोणी पुढे बोलावलं नाही. घरी म्हणतात, मागचं काढू नकोस, चांगले विचार कर. मला दर तासाला पोटाला हात लावून बघावंसं वाटतं. गरोदर बायकांच्या गप्पांत बसवत नाही, त्या पाळण्याच्या रंगाबद्दल बोलत असतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ओटीच्या वेळी ज्यांनी तुला मागे ठेवलं, त्यांची बाजू मी घेणार नाही. रीत आहे, जुनी माणसं आहेत, वगैरे काही नाही. ते चुकीचं होतं.

तुला पाळण्याच्या रंगाच्या गप्पांत बसवत नाही यात तुझं काही चुकत नाही. वर चाकणच्या मुलीला सांगितलेला गट तुला आत्ता नको. तुला एकच बाई हवी, जिचं असंच गेलं आणि नंतर कूस भरली. तुझ्या सिस्टरला किंवा डॉक्टरांना विचार, अशी कोणी बोलायला तयार होईल का. त्या आधी तिला विचारतील, मग गाठ घालून देतील. मी अशा दोघींना एकदा आतल्या खोलीत बसवलं होतं आणि दार ओढून घेतलं. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. पुढच्या तपासणीला त्या दोघी एकाच रिक्षाने आल्या.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव : मागील वेळी इतक्या आठवड्यांना बाळ पोटात दगावले. म्हणजे दर वेळी नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगायचं दुखणं तुझ्यावर येणार नाही आणि तेही जपून तपासतील. मागचं कारण सापडलं होतं का, या वेळी वाढ आणि रक्तप्रवाह किती दिवसांनी बघणार, कितव्या आठवड्यात काय करायचं ठरवलंय, हे त्यांच्या तोंडून ऐक आणि लिहून घे. लिहिलेलं असलं की रात्री वाचता येतं.

दर तासाला हात लावून बघितल्याने जीव शांत होत नाही, आणखी हात लावावासा वाटतो. बाळाची स्वतःची एक रीत असते, कोणाचं जेवणानंतर ढुशा मारायचं, कोणाचं रात्री दहाला. ती ओळखून ठेव. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर कुशीवर पडून लक्ष दे, दोन तासांत दहा हालचालीही कळल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता निघायचं. दोन तास थांबवत नसेल तर त्याआधीच निघ. ‘दिवस भरत आले की बाळ हालचाल कमी करतं’ हे तुला कोणीतरी सांगेलच. ते खोटं आहे. आणि रात्री दोनला जाऊन सगळं ठीक निघालं तर संकोच करू नकोस. तेवढ्यासाठीच रात्रपाळीला माणसं असतात.

खरेदीची घाई कोणी करत असेल तर सरळ नाही म्हण. बाळ यायच्या आधी काही आणत नाहीत अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत, जुन्या मऊ सुती साडीची दुपटी आयत्या वेळी फाडली तरी चालतात. डोहाळजेवणही नको वाटलं तर नको.

मागचं काढू नकोस म्हणतात, पण मागचंही तुझंच लेकरू होतं. नवऱ्याशी त्याच्याबद्दल बोल, बहुतेक तोही कोणापाशी बोललेला नसेल. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रडं थांबत नसेल, तर ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन कर. सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीही चालू. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर मात्र नुसत्या फोनवर थांबू नकोस, त्याच घटकेला घरातल्या कोणाला तरी उठव आणि दवाखाना गाठ.

प्रश्न : बायकोला नववा लागलाय. मी डोंबिवलीहून सकाळी ६.५० ची लोकल पकडतो, घरी यायला रात्रीचे आठ. ‘कशी आहेस’ विचारलं की चिडते, ‘तुला नाही कळणार’ म्हणते. तिच्या तीन मैत्रिणी आहेत, त्याही गरोदर, त्यांच्याशी रात्री दोन-दोन वाजता फोनवर बोलत असते. माझं काम नक्की काय?
– एक नवरा

उत्तर : ‘कशी आहेस’ला उत्तर देता येत नाही हो. ‘काल रात्री कितीदा उठलीस?’ विचारा, ‘गोळा कोणत्या पायात आला?’ विचारा. आणि रात्री दोनच्या फोनवर नाराज होऊ नका. त्या तिघींमुळे तुमचं निम्मं काम होतंय.

उरलेलं निम्मं असं. दवाखान्याचं रात्रीचं दार कोणतं ते एकदा रात्री जाऊन बघून या, दिवसाचं दार तेव्हा बंद असतं. संध्याकाळच्या गर्दीत पोचायला किती वेळ लागतो तो मोजा. फाइल, आधार कार्ड, रक्तगट, रक्त देऊ शकणाऱ्या दोघांचे नंबर एका पिशवीत. १०८ आणि १०२ तिच्याही फोनमध्ये हवेत आणि शेजारच्या काकूंच्याही, कारण तुम्ही तेव्हा ठाण्याच्या पुढे असाल. खोट्या कळा अनियमित येतात आणि चाललं, पाणी प्यायलं, आडवं झालं की विरतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, लांबत आणि जवळ येत जातात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. पण तुमचा रस्ता बघता मी त्याआधीच निघायला सांगेन. पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका, आणि ते हिरवट असलं तर एक मिनिटही दवडू नका. कोणी एरंडेल पाजून कळा सुरू करायचा सल्ला दिला तर बाटली तुम्हीच उचलून ठेवा.

तुम्हालाही भीती वाटत असेलच. गेल्या वर्षी बाप झालेला एखादा मित्र डब्यात असेल, त्याला विचारा त्याने त्या रात्री काय केलं. आणि या महिन्यात लोकलमध्ये फोन सायलेंटवर ठेवायचा नाही.